खारपाण

आमच्या आबाजींना पाण्याची परीक्षा जिभेवर होती. कुठल्याही गावी पाहुणे गेले, की पहिल्या घोटाला ते ओळखायचे, हे गोड, हे मचूळ, हे खारं. खारं निघालं तर तांब्या हळूच खाली ठेवायचे आणि यजमानाला वाईट वाटू नये म्हणून मिशा पुसायचे, जणू पोटभर प्यायले.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं, पूर्णेपासून दोन कोसांवर. गावात नऊ विहिरी. त्यातल्या आठ खाऱ्या. नववी नाल्याकाठची, पावसाळ्यानंतर चार महिने बरी, मग तीही मचूळ. त्या पाण्यात तुरीचं वरण शिजायचं नाही, चहा नासायचा, साबणाला फेस यायचा नाही. माय पहाटे उठून गोड्या पाण्याला जायची. खारपाणात पोरगी देऊ नये, असं वरच्या गावांत सरळ बोलायचे. माझ्या थोरल्या काकांचं लग्न याच पायी दोनदा मोडलं.

नकाशावर पाहिलं तर उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधे बशीसारखं पूर्णेचं खोरं. जुने लोक याला पयनघाट म्हणत. सातपुड्यात उगम पावलेली पूर्णा अमरावती, अकोला, बुलढाणा असे जिल्हे ओलांडून पुढे चांगदेवजवळ तापीला मिळते. तिच्या दोन्ही अंगांना दर्यापूर, अंजनगाव, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर असा पट्टा पसरला आहे. नऊशेच्या आसपास गावं त्यात येतात. सरकारी कागदात त्याचं नाव खारपाणपट्टा. आम्ही नुसतं खारपाण म्हणतो.

या खाऱ्या पाण्यानं एकदा मात्र मान मिळवला. पूर्वी या विहिरींच्या पाण्यातून मीठ काढीत. इंग्रजी अमलात ते बंद झालं आणि वऱ्हाडाला बाहेरून येणारं, कर भरलेलं मीठ खाणं आलं. १९३० साली गांधीजी दांडीला गेले, तेव्हा वऱ्हाडापुढं पेच पडला. कायदा मोडायचा, पण समुद्र कुठून आणायचा? समुद्र आमच्या विहिरीत होता. अकोल्याजवळच्या दहीहांड्याला एप्रिल १९३० मध्ये खाऱ्या विहिरीचं पाणी उकळून मीठ केलं आणि कायदा मोडला. आबाजी तेव्हा पंधराएक वर्षांचे. गावातली चार माणसं पायी गेली, त्यांच्यामागं हेही गेले. ते सांगायचे, "कढईच्या बुडाशी चिमटीभर निघालं बाप्पा, कडू का खारं काई समजे ना. पण लोकाईनं परसादासारखं घेतलं." मग थांबून म्हणायचे, "जे पाणी आपल्याले नाही चाललं, ते देशाले चाललं."

मी शेतकीची पदवी घेऊन १९८० साली गावी आलो. आमच्या घरातला पहिला शिकलेला. वावर सोळा एकर, सगळं काळंभोर, देखणं, पण कोरडवाहू. खरिपात मूग, ज्वारी, गावरान कपाशी. मूग निघाला की त्याच ओलीवर हरभरा. विहिरीत पाणी साठ फुटांवर बारमाही, आणि आम्ही पावसाकडं तोंड करून बसलेलो. मला ते सहन होईना. मिरची अन् गहू करावा, असं मी मनात घेतलं.

पण मी शिकलेला होतो, म्हणून आधी मातीची तपासणी केली. वरच्या एक फुटातली माती पिशवीत भरून पाठवली. अहवाल आला. सामू ८.३. विद्युत वाहकता एकच्या आत. विनिमयक्षम सोडियम ९ टक्के.

या तीन आकड्यांवर जगभरच्या खाऱ्या जमिनींची जात ठरते. वाहकता चारच्या वर आणि सोडियम पंधरा टक्क्यांच्या आत, तर ती क्षारयुक्त. वाहकता चारच्या आत, पण सोडियम पंधराच्या वर आणि सामू साडेआठच्या पुढं, तर ती चोपण. वाहकता अन् सोडियम दोन्ही जास्त, तर क्षारयुक्त-चोपण. ही वाटणी पक्की झाली ती १९५४ साली, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या क्षार प्रयोगशाळेनं छापलेल्या पुस्तकातून. त्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकात, हिलगार्ड नावाच्या शास्त्रज्ञानं तिथल्या कोरड्या मुलखात पांढरा क्षार आणि काळा क्षार असे दोन प्रकार ओळखले होते. पांढरा म्हणजे जमिनीवर मिठासारखा फुलून येणारा. काळा म्हणजे सोड्याचा, मातीतलं सेंद्रिय विरघळवून तिला काळपट करणारा. काळ्यावर जिप्सम हा उपायही त्यानंच सांगितला. आपल्याकडं उत्तर हिंदुस्थानात अशा जमिनीला ऊसर म्हणतात, नीरेच्या कालव्याखाली ऊस पिकवणाऱ्यांना चोपण हा शब्द चांगलाच माहीत आहे.

या हिशोबानं आमचं वावर ना क्षारयुक्त, ना चोपण. नऊ म्हणजे पंधराच्या खूप आत. कागदावर लिहिलं होतं, जमीन सर्वसाधारण. मी कागद आबाजींना वाचून दाखवला.

"तुया कागदानं का म्हटलं?"

"चालते म्हणते आबाजी."

"कागदाले नको इचारू बाबू. सावनाले इचार."

मी हसलो. कर्ज काढून ऑइल इंजिन बसवलं. १९८३ च्या हिवाळ्यात नाल्याकडच्या चार एकरांत गहू अन् मिरची घेतली. पीक आलं. गावातले लोक बांधावर येऊन पाहून जायचे. आबाजी एकदा आले, मूठभर माती उचलून जिभेला लावली अन् काही न बोलता गेले. दुसऱ्या वर्षीही पीक आलं. तिसऱ्या वर्षी जरा कमी.

आणि सावनानं उत्तर दिलं. १९८६ च्या पावसाळ्यात बाकीच्या बारा एकरांत वाफसा झाला, डवरे चालू झाले, आणि त्या चार एकरांत पाणी उभं. आठ दिवस, दहा दिवस. पाणी खाली उतरेचना. वर गढूळ गाळाचा थर, पाय घातला की लोण्यासारखा सरके. उन्हं पडल्यावर तोच थर असा गच्च झाला, की वखराची पास टणटण वाजे. कपाशी पिवळी पडून मुळाशी कुजली. हिवाळ्यात नांगरलं तर ढेकळं निघाली ती दगडासारखी, वाळून फुटेनात. कर्जाचे हप्ते मात्र वाफशाची वाट पाहत नाहीत. ते फेडायला मायची पाटली गेली.

हे का झालं, ते मला समजायला पुढं बरीच वर्षं लागली. काळ्या मातीतली चिकणमाती म्हणजे अतिबारीक पापुद्रे. त्यांना कॅल्शियम चिकटलेलं असलं, की ते एकमेकांना धरून राहतात, त्यांच्या कण्या होतात, कण्यांमधून पाणी झिरपतं. सोडियम चिकटलं की पापुद्रे सुटे होतात, फुगतात, भोकं बुजवतात. चाळणीवर भिजवलेला मैदा थापावा तसं. पण यात एक फसवणूक आहे. जोवर पाणी स्वतः खारं आहे, तोवर त्यातले क्षारच पापुद्र्यांना धरून ठेवतात. म्हणून हिवाळ्यात माझा गहू हसत होता. वरून पावसाचं बिनक्षाराचं पाणी पडलं, की धरणारं कोणी उरत नाही आणि माती फुटते. जमीन बिघडवत होती खारी विहीर, अन् बिघाड उघड केला गोड्या पावसानं. आबाजींना यातलं रसायन ठाऊक नव्हतं. पण खारं पाणी दिलेलं वावर कोणत्या महिन्यात जाब विचारतं, ते त्यांनी पाहिलेलं होतं.

मग पुस्तकातला पंधराचा आकडा खोटा का? खोटा नाही. तो दुसऱ्या मातीवरून, दुसऱ्या मुलखातून आलेला. वाळवंटात पाऊसच नसतो, क्षार धुऊन जात नाहीत, वर पांढरे दिसतात, माणूस सावध होतो. आमच्याकडं सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. वावरावर मीठ दिसत नाही. आमचं दुखणं खाली असतं. नागपूरला मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात पूर्णेच्या खोऱ्यात खोल खड्डे घेऊन थरांची माती तपासली. त्यांना दिसलं, की सोडियम वरच्या थरात कमी आणि खाली जावं तसं वाढत जातं. विहीर खोदणाऱ्याला जे चुनखडीचे खडे लागतात, त्यात मातीतलं कॅल्शियम अडकून बसतं आणि पापुद्र्यांवर सोडियमला जागा मोकळी होते. कोरड्या हवेत हे शतकानुशतकं आपोआप चाललेलं आहे. म्हणूनच अमरावतीकडून बुलढाण्याकडं जावं, पाऊस कमी होत जावा, तशी जमीन अधिक बिघडलेली. आणि त्यांनी आणखी एक गोष्ट मांडली. आमच्या या चिकण काळ्या मातीत सोडियम पाच टक्क्यांवर गेलं, की पाणी झिरपणं मंदावतं आणि कपाशी मार खाते. पंधराची वाट पाहायची नसते.

ते वाचलं त्या दिवशी मी जुन्या ट्रंकेतून माझा अहवाल काढला. नऊ. आणि तोही फक्त वरच्या फुटाचा. कपाशीच्या मुळ्या तीन फूट जातात, अन् मी माती घेतली एक फुटाची. चूक तपासणीची नव्हती. तपासणीला विचारलेला प्रश्न तोकडा होता. आबाजी तोवर गेले होते.

त्या चार एकरांत इंजिन पुन्हा लावलं नाही. जिप्सम टाकलं. त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं, पण हुसकावलेल्या सोडियमला वाहून जायला वाट हवी, म्हणून उताराला चर काढले. धैंचा पेरून फुलोऱ्याआधी गाडला. बांधाच्या खालच्या अंगाला शेततळं केलं. पावसाचं पाणी त्यात साठतं, तेच हरभऱ्याला एकदा देतो. गावात आता वाण, शहानूर अशा सातपुड्यातल्या धरणांवरच्या योजनांचं पाणी नळानं येतं, कुठं रोज, कुठं आठवड्यानं. सुना आता पहाटे गुंड घेऊन जात नाहीत.

पण बोअर करणारी गाडी दरवर्षी उन्हाळ्यात गावात येतेच. मागच्या साली शेजारच्या पोरानं दोनशे फूट घेतलं, पाणी भरपूर लागलं. तो मोबाइलवर मातीचा अहवाल घेऊन माझ्याकडं आला. म्हणाला, "काका, सगळं मर्यादेत हाय."

मी त्याला वावरात नेलं. पाऊस होऊन सहा दिवस झाले होते. वरच्या बारा एकरांत डवरा चालू होता. खालचे चार एकर अजून चकाकत होते. इतकं जिप्सम घालून, इतकी वर्षं जाऊन, वाफशाला सगळ्यात शेवटी तेच येतात.

"चप्पल काढ अन् जाऊन पाय," मी म्हटलं.