हुन्नर, पत आणि काळ

अंगी हुन्नर असला म्हणजे धंदा आपोआप उभा राहतो, असा एक समज आपल्यात रूढ आहे. तो कितपत खरा, हे आपल्या नाशिक जिल्ह्याच्याच एका सुपुत्राच्या चरित्रावरून पाहण्यासारखे आहे.

धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके ह्यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकले. छायाचित्रण व छपाई ह्यांत तरबेज झाले. भागीदारांच्या साहाय्याने त्यांनी छापखानाही चालविला; परंतु मतभेद होऊन तो सोडावा लागला. वय चाळिशीचे, पदरी मुलेबाळे, आणि मनात चित्रपट काढण्याचा ध्यास! सावकार तारण पाहतो; नुसत्या कल्पनेवर कर्ज कोण देणार?

विम्याची पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२ साली विलायतेस गेले व कॅमेरा घेऊन परतले. पुढील भांडवलासाठी त्यांनी केवळ शब्दांवर भिस्त ठेवली नाही. वाटाण्याचे रोप कसे वाढते, ह्याचे लहानसे चित्रण करून त्यांनी ते परिचितांना दाखविले. ते पाहूनच छायाचित्रणाच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी कर्ज देण्यास पुढे आले. पत्नी सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले. अशा रीतीने ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला.

त्याच वर्षी फाळक्यांनी नाशिकला बिऱ्हाड आणले. परंतु १९१४ साली महायुद्ध पेटले आणि भांडवलाचा ओघ आटला. माणूस तोच, हुन्नर तोच; काळ मात्र फिरला होता. १९१७ च्या ‘लंकादहना’ने यश दिले, तेव्हा १९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली. तीत वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट्ट आदी मराठी व गुजराती मंडळी भागीदार झाली. त्यांच्याशीही पुढे बेबनाव झालाच. पण नाशिकच्या भूमीवर चित्रपटांचा कारखाना उभा राहिला, हे खरे.

तात्पर्य, धंद्याला हुन्नर लागतो, अनुकूल काळ लागतो, आणि हुन्नर डोळ्यांनी पाहून विश्वास टाकणारी माणसेही लागतात. काळ आपल्या हाती नाही. विश्वास मात्र आहे.

येथे स्वतःची एक चूक सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी, हाताचा मोठा कसबी, यंत्रदुरुस्तीचे दुकान काढणार होता. कर्जासाठी जामीन हवा म्हणून तो माझ्याकडे आला. “गुरुजी, एकदा माझे काम तरी पाहा,” असे तो म्हणाला. पेन्शनची काळजी पुढे करून मी नकार दिला. काम पाहावयासही गेलो नाही. त्याने परगावी नोकरी धरली. नकाराचे मला फारसे वाईट वाटत नाही. न पाहता नकार दिला, ह्याची रुखरुख आजही आहे.

समाजबांधवांनो, गुणवंत मुलांचा सत्कार आपण अवश्य करावा. परंतु उद्या एखादा तरुण जामिनासाठी दारी आला, तर होय किंवा नाही म्हणण्यापूर्वी त्याचे काम जाऊन पाहावे, एवढीच माझी नम्र विनंती आहे.