उचगाव : नकाशावरून पुसलेला मतदारसंघ

उचगावच्या मळेकरणी देवीच्या आमराईत मंगळवारी-शुक्रवारी चुली पेटायच्या, गाड्या लागायच्या, गर्दी असायची. गाव जिथल्या तिथं आहे. पण या गावाच्या नावानं जो विधानसभा मतदारसंघ होता, तो २००८ साली गेला. आज पंचविशीतल्या पोरांना विचारलं तर असा काही मतदारसंघ होता हेच ठाऊक नसतं.

आमच्या बेळगावात याचं एक ठरलेलं उत्तर आहे : "रेषा मारली आणि समिती संपवली." मीही ते लग्नाच्या पंगतीत बसून कित्येकदा सांगितलंय. पेशानं मी स्थापत्य अभियंता. रस्त्यांचे आणि गटारींचे नकाशे काढण्यात नोकरी गेली. एका पावसाळ्यात मनात आलं, की रेषा मारली म्हणतो खरं, पण ती आपण बघितली आहे का? मग ट्रेसिंग पेपर घेऊन बसलो.

आधी जुनी रेषा. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका मुंबई राज्यात गेला आणि बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात. त्यामुळे उचगाव भागाची पश्चिमेकडची कड म्हणजे थेट राज्याची सीमा. बेकिनकेरे, कुद्रेमनी इकडची गावं, आणि सोयरीक मात्र चंदगडात. भात, बटाटा, रताळी करणारा हा मार्कंडेय नदीचा पट्टा मराठी बोलणारा. १९७१ च्या जनगणनेवर आखलेल्या नकाशावर १९७८ पासून २००४ पर्यंत सात विधानसभा निवडणुका झाल्या. बेळगाव शहर, उचगाव आणि बागेवाडी असे तीन मतदारसंघ शेजारी शेजारी होते. पैकी उचगाव हा महाराष्ट्र एकीकरण समितीचा गड मानला जाई. २००४ मध्येही तिथून समितीचे मनोहर किणेकर निवडून आले होते.

इथं एक खड्डा आहे, मीही त्यात पडलो होतो. निवडणूक आयोगाच्या अहवालात बहुतेक ठिकाणी समितीचं नावच सापडत नाही. मान्यताप्राप्त पक्ष नसल्यानं समितीचे उमेदवार 'अपक्ष' म्हणून नोंदलेले असतात. नुसत्या तक्त्यावर विश्वास ठेवणाऱ्या संशोधकाला सीमाभाग म्हणजे अपक्षांचं जंगल वाटेल. समितीचा अपक्ष कुठला आणि खराखुरा अपक्ष कुठला, हे स्थानिक वर्तमानपत्रं आणि म्हाताऱ्या कार्यकर्त्यांची आठवण यांवरून लावावं लागतं.

आता नवी रेषा. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या पुनर्रचना आयोगानं २००१ ची जनगणना धरली. कर्नाटकाचे आमदार २२४ च राहिले. १९७१ च्या लोकसंख्येनुसार एका आमदारामागे सरासरी १ लाख ३१ हजार माणसं येत होती, २००१ च्या लोकसंख्येनुसार ती २ लाख ३६ हजार झाली. तीस वर्षांत शहर फुगून हिंडलग्याला, कंग्राळीला भिडलं होतं. तेव्हा रेषा हलणार हे गणितानंच ठरलेलं होतं. कुठं हलणार, हे मात्र गणित सांगत नाही. उचगाव आणि बागेवाडी ही नावं गेली, बेळगाव उत्तर, दक्षिण आणि ग्रामीण आले. तीनाचे तीनच. एकही जागा कमी झाली नाही, ही गोष्ट आमच्याकडे सहसा कुणी सांगत नाही.

पण जागा तेवढ्याच राहिल्या म्हणजे सगळं तेच राहिलं असंही नाही. तालुक्यात गावोगाव मराठी साहित्य संमेलनं भरतात. मी ट्रेसिंगवर त्यातल्या पाच गावांचे ठिपके दिले : उचगाव, बेळगुंदी, सांबरा, येळ्ळूर, कडोली. आज पहिली तीन ग्रामीणमध्ये आहेत, येळ्ळूर दक्षिणमध्ये, आणि कडोली यमकनमर्डी या अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघात. पाच गावं, तीन आमदार. सीमाप्रश्नात आपण पाटसकर सूत्र मांडतो, म्हणजे खेडं हा घटक, भाषिक बहुसंख्या आणि सलगता. मतदारसंघ आखताना भाषा हा निकषच नसतो. आपल्या नकाशाची मापपट्टी एक आणि आयोगाची दुसरी.

हा कागद उचगावातल्या एका जुन्या कार्यकर्त्यांना दाखवायला नेला. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातले ते. दर १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर न चुकता जाणारे. चष्मा पुसून त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हे सगळं बरं हाय ओ. पण आमच्यातली फूट कुठल्या रंगानं दाखवलाय?"

घरी येऊन निकाल पुन्हा मांडले. २००८ मध्ये नव्या रेषेवर समितीला एकही जागा नाही. २०१३ मध्ये त्याच रेषेवर दोन : दक्षिणमधून संभाजी पाटील, खानापूरमधून अरविंद पाटील. आणि उचगावची गावं ज्या ग्रामीणमध्ये गेली, तिथं किणेकर अवघ्या १,३३५ मतांनी भाजपच्या संजय पाटलांकडून हरले. पुसून टाकलेला मतदारसंघ इतक्या जवळ येत नसतो. २०१८ मध्ये पुन्हा शून्य. त्या वर्षी खानापुरात समितीच्या दोन गटांचे दोन उमेदवार उभे होते. दोघांच्या मतांची बेरीज केली तर ती निवडून आलेल्या काँग्रेसच्या अंजली निंबाळकरांपेक्षा जास्त भरते. ती रेषा आयोगानं मारलेली नव्हती.

फूट हेही सगळं उत्तर नाही. २०१८ मध्ये ग्रामीणमधून लक्ष्मी हेब्बाळकर ५१ हजारांवर मताधिक्यानं आल्या, २०२३ मध्ये ५६ हजारांवर. एवढी दरी फुटीनं पडत नाही. राष्ट्रीय पक्ष मराठी मतदाराच्या दारात मराठीतून यायला शिकले. राजहंसगडावरच्या शिवपुतळ्याचं २०२३ च्या मार्चमध्ये तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा अनावरण झालं, आधी भाजपच्या मुख्यमंत्र्यांच्या हातून, मग काँग्रेसकडून. महाराजांना दोनदा प्रकट व्हावं लागलं, कारण निवडणूक दोन महिन्यांवर होती.

पुढची पुनर्रचना २०२६ नंतरच्या जनगणनेवर होणार. तेव्हा आयोग मसुदा काढेल आणि हरकती मागवेल. त्याआधी १९७८ पासूनचा उचगावचा गावनिहाय तक्ता पुरा करायचा आहे, आणि त्यात तो 'अपक्ष'चा खड्डा अजून बुजलेला नाही. कुणाच्या माळ्यावर जुनी प्रचारपत्रकं, मतदान चिठ्ठ्या, समितीची उमेदवारी जाहीर करणारी कात्रणं असतील तर मंडळाकडे आणून द्यावीत. छायाप्रत काढून मूळ कागद त्याच दिवशी परत करू.