परिषदेहून घरी काय आणायचं?

महाड-पोलादपूरकडे परदेश आधी पाहिला तो फौजेतल्या पुरुषांनी. महाड तालुक्यात एका गावाचं नावच मुळी 'फौजी आंबवडे' आहे. पहिल्या महायुद्धात या डोंगरांतली माणसं बोटीत बसून पार दूरदेशी गेली. काही परत आली, काहींची नुसती नावं परत आली. बायका मात्र इथेच. पेन्शनीचा दिवस, पत्राची वाट, नाचणीचं शेत आणि सावित्रीचा पूर, एवढ्यातच त्यांचा परदेश संपायचा.

म्हणूनच पंडिता रमाबाईंचं अमेरिकेचं प्रवासवृत्त वाचताना मला पुन्हापुन्हा आपल्या भागाची आठवण होत राहिली. तसा दोन्हींचा थेट संबंध काही नाही, हे आधीच सांगून टाकते. पण काही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की दोन्ही जास्त नीट दिसतात.

रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. पदरात लहानगी मनोरमा. नवरा वर्षभरापूर्वीच गेलेला. 'स्त्रीधर्मनीति' या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्चाला हातभार लागला. पुण्यात ओळख झालेल्या वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या उतरल्या आणि त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला म्हणून त्या फिलाडेल्फियाला गेल्या. थोड्या दिवसांसाठी गेलेली ही बाई अडीच वर्षांहून जास्त काळ अमेरिकेत राहिली, गावोगाव व्याख्यानं देत फिरली.

तिथे त्यांची गाठ पडली फ्रान्सिस विलर्डबाईंशी आणि त्यांच्या ख्रिस्ती स्त्रियांच्या मद्यपाननिषेधक संघाशी. हा संघ १८७४ साली निघाला. दारू पिणारा नवरा आणि उपाशी पोरं हे घरोघरचं दुखणं घेऊन प्रार्थनेला जमणाऱ्या बायकांनी बघता बघता देशभर शाखा उभ्या केल्या. खूण म्हणून पांढरी फीत. कामाची खाती वाटून दिलेली. त्यात सैनिक आणि खलाशी यांच्यासाठीसुद्धा एक खातं! फौजेच्या घरात दारू काय करते हे आपल्याकडच्या बायकांना कुणी परिषद भरवून सांगायला नको. कॅन्टीनची बाटली आमच्याकडे पाहुण्यासारखी येते आणि घरच्यासारखी राहते.

१८८८ च्या मार्चअखेरीस वॉशिंग्टनला स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. सेनेका फॉल्सच्या सभेला चाळीस वर्षं झाली म्हणून भरवलेली. ती काही निव्वळ ख्रिस्ती परिषद नव्हती, पण विलर्डबाई आणि त्यांचा संघ त्यात पुढे होता. रमाबाई तिथे हजर होत्या. मला विचाराल तर त्या हजेरीपेक्षा महत्त्वाचं आहे ते त्यांनी परत आल्यावर केलं ते. 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक त्यांनी १८८९ साली प्रसिद्ध केलं, तेही मराठीत. तिथल्या बायका शिकतात कशा, मंडळ्या काढतात कशा, सभा चालवतात कशा, हे इथल्या वाचकांना समजावून सांगितलं. तिथल्या वर्णभेदाबद्दलही त्या गप्प बसल्या नाहीत. हे पुस्तक म्हणजे, जिला जाता येणार नाही तिच्यासाठी बांधून आणलेली शिदोरीच.

दुसरी गोष्ट त्यांनी आणली ती पैशाची शिस्त. बॉस्टनला १८८७ च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशननं दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं. त्या बळावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी कोण? कोकणातल्या देवरुखच्या गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, 'बाया'. बॉस्टनच्या बायकांच्या वर्गणीतून देवरुखची एक केशवपन केलेली मुलगी पाटीसमोर बसली. परिषदांचं फळ असं मोजावं.

पण इथे एक बोचरी गोष्ट आहे. अमेरिकेत गाजलेल्या रमाबाईंच्या इंग्रजी पुस्तकाचं नावच होतं 'उच्चवर्णीय हिंदू स्त्री'. शारदा सदनही सुरुवातीला तशाच विधवांसाठी होतं. पुढे दुष्काळात केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये त्यांनी शेकडो निराधार बायकामुली आणल्या, तेव्हा हे कुंपण पडलं. म्हणजे १८८८ साली हिंदुस्थानातल्या स्त्रियांचं दुःख जगापुढे मांडलं गेलं, तेव्हा महाडच्या महारवाड्यातली सुभेदाराची बायको त्यात कुठे होती? बहुधा नव्हतीच.

आणि हा समाज तर फौजेचाच. कंपनीच्या पलटणींत महार शिपाई मोठ्या संख्येनं होते. पलटणीत शिपायांच्या मुलांना, आणि मुलींनाही, शिकवायची पद्धत होती, असं डॉ. आंबेडकरांनी लिहून ठेवलं आहे. त्यांचे वडील रामजी सकपाळ फौजेतल्या शाळेचे मुख्याध्यापक. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर हेही फौजेचे पेन्शनर. १८९२ च्या सुमारास सरकारनं महारांची भरती बंद केली, तेव्हा नोकरीबरोबर अक्षरांची ती वाटही आखडली. त्याविरुद्ध अर्ज-विनंत्या करणाऱ्यांत हीच पेन्शनर मंडळी पुढे होती.

१९२७ साली महाडला परिषद भरली ती या पार्श्वभूमीवर. २० मार्चला चवदार तळ्याचं पाणी प्यायले म्हणून परिषदेला आलेल्यांवर लाठ्याकाठ्या चालल्या. डिसेंबरात पुन्हा परिषद. मुंबईची मंडळी बोटीनं दासगाव बंदरावर उतरून आली. कोर्टाचा मनाई हुकूम असल्यामुळे या वेळी तळ्याचं पाणी घेतलं नाही. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. हे सगळं आपण शाळेत वाचलेलं असतं.

शाळेत न वाचलेली गोष्ट त्यानंतरची. परिषद संपता संपता चांभारवाड्यात बायकांची सभा झाली. बाबासाहेब त्यांच्याशी वेगळं बोलले. मुलांइतकंच मुलींना शिकवा. अंगावरची जातीची खूण सांगणारी ती जड चांदी-कथलाची डागडागिन्यांची रास उतरवा. लुगडं घोट्यापर्यंत येईल असं नेसा. घरात मेलेल्या जनावराचं मांस शिजवू नका. असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. आणि या बायकांनी ते घरी जाऊन करू म्हटलं नाही. तिथेच लुगडी नेसण्याची पद्धत बदलली. टिपणीस आणि चित्रे यांच्या घरातल्या स्त्रियांनी त्यांना नेसायला मदत केली.

विचार करा. यांच्याकडे ना पांढरी फीत, ना छापील अहवाल, ना बॉस्टनची वर्गणी. डोंगर उतरून, पोर कडेवर घेऊन आलेल्या. परत जाताना गावच्या पाटलाच्या, सावकाराच्या नजरेसमोरून त्याच नेसणीनं चालत जायचं होतं. ठराव कागदावर राहिला तर कुणी विचारत नाही. तो अंगावर नेसला की दर पावलाला जाब द्यावा लागतो.

आमच्या घरात ही गोष्ट कधी कुणी काढली नाही. आमचं घर महाडच्या जुन्या पेठेतलं, तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. १९२७ साली घरात मोठी माणसं होती, त्यांनी पाहिलं असणारच. पण आजीकडून पुराच्या गोष्टी ऐकल्या, वाघाच्या ऐकल्या, सुकटी भाजण्याच्या ऐकल्या. त्या दोन परिषदांची मात्र एकही नाही. हे वाचून काका-आत्यांना बरं वाटणार नाही, ठाऊक आहे. पण न सांगितलेल्या गोष्टीही घराच्या इतिहासात धरायला हव्यात. मुंबई हायकोर्टानं तळ्याचा निकाल १९३७ साली दिला. आमच्या पेठेतल्या गप्पांचा निकाल अजून लागायचा आहे.

आता आपल्याकडच्या मुली परिषदांना विमानानं जातात. गळ्यात नावाचं कार्ड, हातात कापडी पिशवी, परतल्यावर फोटो. मला कौतुकच आहे. फक्त त्या परतल्या की विचारावंसं वाटतं, बाई गं, तिथून काय आणलंस? रमाबाईंनी पुस्तक आणलं आणि शाळा आणली. चांभारवाड्यातल्या सभेहून निघालेल्या बायकांनी घोट्यापर्यंतचं लुगडं आणलं आणि मुलीला शाळेत घालायचा हट्ट आणला. पहिलीचं नाव आपल्याला पाठ आहे. दुसऱ्यांची नावं महाड-पोलादपूरच्या कुठल्यातरी घरात, एखाद्या म्हाताऱ्या नातीला अजून माहीत असतील. ती आहे तोवर विचारून घ्यायला हवं.