पोसायडन, नेपच्यून आणि कल्याणचे बंदर

कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात समुद्रदेवाची एक लहानशी कांस्यमूर्ती आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीत ती १९४०च्या दशकात सापडली. घडण ग्रीक वळणाची, काळ मात्र रोमन साम्राज्याचा. आणि ओळख ‘पोसायडन’ अशी. रोमन काळातल्या समुद्रदेवाला नेपच्यून न म्हणता ग्रीक नाव का?

नेपच्यून मुळात समुद्राचा देव नव्हताच. जुने रोमन शेतकरी होते. त्यांचा नेपच्यून झऱ्याओढ्यांचा, गोड्या पाण्याचा. त्याचा सण २३ जुलैला, तिकडे पाणी आटते त्या ऐन उन्हाळ्यात येई आणि त्या दिवशी लोक डहाळ्यांचे मांडव घालून सावलीला बसत. पोसायडन याहून फार निराळा. समुद्र, भूकंप आणि घोडे ही त्याची सत्ता.

इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये रोममध्ये रोगाची साथ आली. तेव्हा ‘सिबिलीन’ भविष्यग्रंथांचा कौल घेऊन देवांना मंचकावर बसवून नैवेद्य वाढण्याचा विधी प्रथमच झाला. विधी ग्रीक धाटणीचा होता आणि पूजलेल्या सहा देवतांत नेपच्यूनही होता. पुढे २१७ मध्ये शत्रुसेनापती हॅनिबलने ट्रॅसिमीन सरोवराकाठी रोमन सैन्य कापून काढल्यावर बारा देवतांची सहा जोडपी मांडली गेली. त्यांत नेपच्यूनशेजारी मिनर्व्हा बसली. ही जोडी ग्रीक कथेशिवाय उलगडत नाही: अथेन्स नगरीसाठी पोसायडन आणि अथीना यांच्यात स्पर्धा झाली होती. ओढ्याचा देव तोवर पुरता दर्यावर्दी झाला होता.

ग्रीक आणि रोमन देवांच्या सगळ्याच जोड्या अशा जमल्या नाहीत. ग्रीकांना युद्धदेव एरीझ नकोसा, तर त्याच्याशी जोडलेला मार्स हा रोम्युलसचा बाप म्हणून रोमनांचा कुलपुरुष. अपोलो नावासकट ग्रीसमधून आला. दाराचा, आरंभाचा द्विमुखी जेनस एकटाच राहिला. त्याला ग्रीक जोडीदार मिळाला नाही. मराठी वाचकाला देव जोडण्याची ही रीत परकी वाटू नये. खंडोबा मार्तंडभैरव म्हणून शिवाचा अवतार ठरला, म्हाळसा पार्वती ठरली, तरी जेजुरीचा भंडारा आणि तळी जेजुरीचीच राहिली.

मूर्तीच्या नावाचा उलगडा किनाऱ्यावर होतो. पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हा खलाशांचा मार्गदर्शक ग्रंथ कल्याणला ‘कॅलिएना’ म्हणतो. थोरल्या सारगनस राजाच्या काळी ते राजमान्य व्यापारपेठ होते. नंतर तिथे अडथळे आले आणि चुकून शिरलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात. कान्हेरीच्या शिलालेखांत दान देणारे कल्याणकर आहेत, म्हणजे गावात पैसा होता.

पेरिप्लसचा लेखक रोमच्या राज्यात, इजिप्तमध्ये राहणारा, पण त्याने लिहिले ग्रीकमध्ये. या सागरी व्यापाराची भाषाच ती होती. आपल्याकडचा ‘यवन’ शब्दही ‘आयोनिया’ या ग्रीक प्रदेशनामावरून आला आणि कार्ल्याच्या लेण्यात दान देणाऱ्यांनी तोच कोरून घेतला. कल्याणकडे जाताना उल्हास नदीच्या खाडीत शिरणारा असा ग्रीकभाषी नाखवा कर रोमला भरी, पण वादळात हाक घाली ती पोसायडनला.