आठ आणे आणि एक जादा महिना

गरोदरपणात रक्तदाब वाढला, बाळ दिवसांआधी जन्मले, गर्भपात झाला किंवा बाळंतपणानंतरचे दुखणे लांबले, तर नोकरदार बाईला प्रसूती रजेखेरीज आणखी एक महिन्यापर्यंत भरपगारी रजा मिळते. १९६१च्या प्रसूती लाभ कायद्याच्या दहाव्या कलमाने दिलेला हा हक्क २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही कायम ठेवला आहे. त्यासाठी आजाराचा वैद्यकीय पुरावा लागतो; मूळ प्रसूती लाभासाठी अपेक्षित प्रसूतीआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असावे लागते. मालकाने मेहेरबानी म्हणून द्यावी अशी ही रजा नाही. तरीही कायद्यात इतका स्पष्ट असलेला हा महिना मागताना बाई कचरते आणि देताना मालक कुरकुरतो. असे का होते, याचे उत्तर या रजेच्या जन्मकथेत आहे आणि त्या कथेचा मोठा भाग परळ-लालबागच्या गिरणगावात घडला. आजारी बाळंतिणीला सुटी द्यावी हे आपण हळूहळू का होईना मान्य केले. त्या सुटीचे पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न मात्र शंभर वर्षांपूर्वी जिथे सोडला तिथेच राहिला.

१९२०च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. बहुतेकजणी वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत, नायकिणीच्या, म्हणजे बाई-मुकादमाच्या, हाताखाली काम करत. जितके काम तितका पगार, आणि खाडा झाला की तोही नाही. बाळंतपणासाठी कोकणात किंवा घाटावर गेलेली बाई परत आली की तिची जागा शिल्लक असेलच याची खात्री नसे. ती पुन्हा मिळवायला दस्तुरी, म्हणजे लाच, मोजावी लागे. म्हणून कळा सुरू होईपर्यंत काम करायचे आणि अंगात ताकद येण्याआधीच खात्यात परतायचे, हाच रिवाज होता. १९२२च्या सुमारास मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरकडून गिरणीतल्या बायकांची पाहणी करून घेतली. आई कामावर असताना मूल झोपून राहावे म्हणून जवळजवळ सगळ्याच घरांत अफूची बाळगोळी दिली जाते, असे त्यात नोंदले गेले. त्याच काळातला दुसरा आकडा अधिक गाजला: १९२१ साली मुंबईतल्या एका खोलीच्या बिऱ्हाडांत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ८२८ बालमृत्यू. हा आकडा फुगलेला होता, हा आक्षेप रास्त आहे. अनेक मुले गावी जन्मत, त्यामुळे त्यांचा जन्म मुंबईच्या दप्तरात येत नसे, मृत्यू मात्र येई. पण आक्षेप मान्य केला तरी निष्कर्ष बदलत नाही. इतक्या बायका बाळंतपणाला शहर सोडून जात होत्या, याचाच अर्थ त्या काळापुरती त्यांची कमाई बंद होती.

याच सुमारास जगातही हा प्रश्न ऐरणीवर आला होता. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. तेथे भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची उभारणी करणारे ना. म. जोशी गेले होते. तिथे संमत झालेल्या प्रसूतीविषयक करारात आपल्या कथेसाठी महत्त्वाच्या दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे, गरोदरपणातून किंवा बाळंतपणातून उद्भवलेल्या, डॉक्टरने प्रमाणित केलेल्या आजारामुळे रजा लांबली, तर ठरावीक मुदतीपर्यंत बाईला कामावरून काढता येणार नाही. आजच्या जादा महिन्याचे बीज इथे आहे. दुसरी म्हणजे, रजेच्या काळातली मदत सरकारी तिजोरीतून किंवा विम्यातून यावी. ती एकट्या मालकाने द्यावी, असे करारात कुठेही नव्हते. भारताने त्या करारावर मान्यतेची मोहोर कधीच उमटवली नाही. जोशींनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात स्वतःचे विधेयक आणले, तेही फेटाळले गेले.

मग गाडी मुंबईने पुढे नेली. प्रांतिक विधिमंडळात सदस्य आसवले यांनी मांडलेल्या विधेयकावर २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. ते तेव्हा परळच्याच चाळीत राहत होते, आणि बाहेर गिरण्यांचा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप चालू होता. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. पण बायकांना कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा असल्यामुळे तोही जबाबदारीतून पूर्ण सुटत नाही, असे ते म्हणाले आणि विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. १९२९ साली कायदा झाला तेव्हा या युक्तिवादाचा दुसरा भाग तेवढा उतरला. बाळंतपणाच्या तारखेच्या मागचे-पुढचे काही आठवडे, दिवसाला आठ आणे, आणि तेही मालकाच्या खिशातून. सरकारचा वाटा शून्य. त्या वेळी विम्याची यंत्रणाच नव्हती, त्यामुळे आरंभ म्हणून ही तडजोड समजण्यासारखी होती. १९३१च्या शाही कामगार आयोगानेही देशभर असा कायदा सुचवताना सगळा खर्च मालकाने द्यावा हे ‘सुरुवातीला’ म्हणून सांगितले. पुढे ती सुरुवातच कायमची झाली. मध्य प्रांताने १९३० साली असाच कायदा केला, म्हणजे नागपूरच्या गिरण्यांतही हीच रीत गेली. दिल्लीतल्या कारखान्यांना तर मुंबईचाच कायदा लागू होता. १९६१च्या केंद्रीय कायद्याने त्याची जागा घेतली, आठवडे वाढवले, आजाराचा जादा महिना आणि गर्भपातानंतरच्या सहा आठवड्यांची रजा दिली, पण बिल पूर्वीच्याच पत्त्यावर पाठवले.

या पत्त्यामुळे काय झाले? ज्या मालकाकडे बायका जास्त, त्याला खर्च जास्त. म्हणजे बाई कामावर न ठेवणे हाच खर्च टाळण्याचा सोपा मार्ग. मुंबईच्या गिरण्यांतले बायकांचे प्रमाण पुढच्या दशकांत घसरतच गेले. ही घसरण एकट्या कायद्यामुळे झाली असे म्हणणे चुकीचे ठरेल. रात्रपाळीला बायकांना बंदी होती, पाळ्या वाढल्या, वाइंडिंगची यंत्रे बदलली, आणि संघटनांनीही लढा दिला तो मुख्यतः पुरुषाच्या पगारासाठी. पण कपातीची कुऱ्हाड कुणावर पडावी हे ठरवताना बाळंतपणाचा खर्च हे मालकाच्या हातातले आयते कारण होते. १९६१च्या कायद्यालाही हा धोका ठाऊक होता. रजेवर असताना बाईला काढण्यास त्यात मनाई करण्यात आली, आणि गरोदरपणात कामावरून काढले तरी तिचा लाभ बुडत नाही, असेही त्यात लिहावे लागले. गिरणीबाहेरही हीच वृत्ती होती. पहिल्या गरोदरपणाबरोबर हवाई सुंदरीची नोकरी संपवणारा एअर इंडियाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली नर्गेश मिर्झा खटल्यात रद्द केला. पण न्यायालय काढून टाकण्याला आळा घालू शकते. मुलाखतीतच नाकारलेल्या बाईची केस सहसा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

यावर उपाय सुचवण्यासाठी दूर जायला नको. १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि १९५४ मध्ये ही योजना मुंबईत आली. तिच्यात प्रसूतीचा लाभ सामाईक निधीतून मिळतो. मालक पगाराच्या सव्वातीन टक्के आणि कामगार पाऊण टक्का भरतो. कामगार बाई असो वा बुवा, दर तोच. त्यामुळे बाई ठेवल्याने मालकाचा खर्च एका पैशानेही वाढत नाही. आजाराचा जादा महिनाही याच निधीतून मिळतो. इथे दोन आक्षेप येतात. पहिला, पुरुष कामगारांनी बायकांच्या बाळंतपणाचे पैसे का भरावेत? विम्याचे तत्त्वच असे आहे की ज्याला कधी अपघात होत नाही तोही अपघाताचा हप्ता भरतो. शिवाय जन्मणारे मूल एकट्या आईचे नसते. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: विमा दवाखान्यांतल्या रांगा आणि कागदपत्रांचा ताप पाहता मालकाकडून थेट मिळणारे पैसे बरे. हे खरे असू शकते, पण ते फक्त त्या बाईपुरते जिला नोकरी आधीच मिळालेली आहे. दवाखान्याची गैरसोय सुधारता येते. न मिळालेली नोकरी कागद सुधारून मिळत नाही.

आज विम्याची पगारमर्यादा महिना २१,००० रुपये आहे. लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या कचेऱ्यांत काम करणाऱ्या अनेकजणी त्याहून जास्त कमावतात आणि योजनेबाहेर राहतात, म्हणून त्यांचा भार पुन्हा थेट मालकावर. २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी रजा १२ आठवड्यांवरून २६ झाली, पण त्यासाठी सरकारने एक रुपयाचाही वाटा उचलला नाही. त्याच वस्तीतल्या घरकाम करणाऱ्या बाईला मात्र पहिल्या मुलासाठी मातृवंदना योजनेच्या ५,००० रुपयांपलीकडे जवळजवळ काही नाही. सगळी २६ आठवड्यांची व्यवस्था एका झटक्यात बदलणे अवघड असेल, तर सुरुवात या जादा महिन्यापासून करावी. पगारमर्यादा न लावता निदान आजारपणाच्या रजेचा पगार तरी विमा निधीने द्यावा. हा खर्च तुलनेने थोडा आहे आणि तो कुणासाठी, कधी करावा लागेल हे आधी सांगता येत नाही. विमा नेमक्या अशाच जोखमीसाठी असतो. त्यानंतर ही रजा नाकारण्यात मालकाचा काही फायदा उरणार नाही, आणि वॉशिंग्टनच्या कराराने १९१९ साली सांगितलेली, आंबेडकरांनी १९२८ साली मागितलेली वाटणी निदान एका महिन्यापुरती तरी कायद्यात येईल.