दख्खनच्या माशांचीं नांवें

धाराशिव जिल्ह्याला नांवांची अदलाबदल नवी नाहीं. नळदुर्ग हें एके काळीं जिल्ह्याचें मुख्य ठाणें होतें. पुढें तें धाराशिवास आलें. मग निझाम मीर उस्मान अली खान यांच्या नांवावरून त्या गांवास उस्मानाबाद म्हणूं लागले, आणि २०२३ सालीं सरकारी दप्तरांत जुनें धाराशिव पुन्हां आलें. गांवाचें नांव बदललें तरी गांव बदलत नाहीं, असें आपण समजतों. पाण्यांतल्या जिवांच्या बाबतींत मात्र नांव चुकल्यानें जीवच जाण्याची पाळी कशी येते, याची एक हकीकत आम्हीं येथें सांगणार आहों. ती दख्खनच्या नद्यांपासून सुरू होते.

हा जिल्हा पाणलोटाच्या कण्यावर वसला आहे. बालाघाटाच्या एका अंगास सीना आणि बोरी भीमेकडे जातात. दुसऱ्या अंगास तेरणा मांजरेला मिळून गोदावरीची वाट धरते. भीमेच्या या खोऱ्यांतील माशांची पहिली शास्त्रीय नोंद ज्यानें केली तो विल्यम हेन्री सायक्स हा मुंबई सरकारचा लष्करी अधिकारी होता. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १८२४ सालीं त्यास दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमिलें. जमीन, पिकें, वजनेंमापें यांची मोजदाद करतां करतां हा गृहस्थ पक्षी आणि मासेही टिपूं लागला. सीनेपलीकडचा निझामाचा मुलूख त्याच्या कामाच्या कक्षेबाहेर होता. माशांना अर्थातच ही हद्द ठाऊक नव्हती.

१८३१ सालीं तो विलायतेस परतला, आणि १८३८ सालीं त्यानें लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढें दख्खनच्या माशांवरील निबंध मांडला. पुढें १८४१ सालीं तो चित्रांसह छापला गेला. त्यांत चाळिसांहून अधिक जाती आहेत, आणि त्यांपैकीं बहुतेक शास्त्राला नव्या होत्या. आम्हांस विशेष वाटतें तें हें, कीं सायक्सनें नांवें देतांना ग्रीक-लॅटिनच्या कोशांपेक्षां आमच्या भोयांच्या आणि कोळ्यांच्या तोंडचे शब्द पुष्कळ वेळां पसंत केले. कोळस, फुलंगी, मळ्या, शिंगटी, नाकावर शिंगासारखा उंचवटा असलेला नुक्ता, हे शब्द इंग्रजी कानांतून थोडे वांकडेतिकडे होऊन लॅटिन नांवांत जाऊन बसले. रोहटी हें तर एका अख्ख्या प्रजातीचेंच नांव झालें, आणि तें आजही टिकून आहे. एल्फिन्स्टन व आपले लंडनचे स्नेही यांचीं नांवेंही त्यानें कांहीं माशांस बहाल केलीं. परंतु कोण्या अनामिक मासेमाराचा शब्द शास्त्रांत अमर व्हावा, हा मान त्या काळीं क्वचितच मिळे.

पुण्याच्या पूर्वेस मुळामुठेंत त्याला जी मोठी, जाड खवल्यांची जात आढळली तिला त्यानें ‘खुद्री’ म्हटलें. हीच आमची खडशी. हिंदुस्थानांत तिच्या कुळास महाशीर म्हणतात. शिरूरजवळ घोड नदींत दुसरा एक थोर मासा मिळाला, त्याचें नांव त्यानें ‘मसुल्ला’ असें नोंदविलें. घोटाळ्याचें मूळ या दुसऱ्या नांवांत आहे. सायक्सचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहींत; उरलें तें वर्णन आणि चित्र. १९४० नंतरच्या दशकांत डॉ. सुंदरलाल होरा यांच्यासारख्या अधिकारी पंडितांनीं कावेरीच्या खोऱ्यांतील उंच पाठीच्या प्रचंड महाशिरास हेंच मसुल्ला नांव लाविलें. १९४६ सालीं कबिनी नदींत गळानें धरलेला १२० पौंडांचा विक्रमी मासा याच कुळांतला. सत्तर वर्षें हें नांव चाललें. २०१३ सालीं संशोधकांनीं दाखवून दिलें कीं सायक्सचा मसुल्ला हा महाशीरच नव्हे, निराळ्या प्रजातीचा मासा आहे. म्हणजे कावेरीचा हा राजा एकाएकीं निनांवी ठरला!

इकडे महाराष्ट्रांत खडशीचें नशीब फिरत होतें. धरणें झाल्यानें पावसाळ्यांत प्रवाहाविरुद्ध चढून अंडीं घालण्याची तिची वाट अडली, आणि ती दुर्मीळ होऊं लागली. त्यावर डॉ. सी. व्ही. कुळकर्णी यांनीं १९७० च्या सुमारास लोणावळ्यास टाटा कंपनीच्या तलावांकांठीं उपाय शोधिला. पक्व मादीचें पोट हलकेंच दाबून अंडीं भांड्यांत घ्यावयाचीं, त्यांवर नराचें बीज मिसळावयाचें, आणि वाहत्या पाण्याच्या ताटांत तीं उबवावयाचीं, अशी ही रीत आहे. रोहूकटल्याच्या मानानें खडशीचीं अंडीं थोडीं व मोठीं. म्हणून हें काम जपून करावें लागतें. तें साधलें, आणि लोणावळ्याचें बीज दूरदूरच्या राज्यांत गेलें. या कामाचें मोल आम्हीं कमी लेखीत नाहीं.

परंतु तें कावेरींतही गेलें, जेथें खडशी मूळची नव्हती. कोणाचा हेतु वाईट होता असें मुळींच नाहीं; महाशीर तेवढे सारे एक, आणि महाशीर वाढवावा, एवढाच विचार होता. गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींनीं १९९८ पासून २०१२ पर्यंत आपल्या शिकारीच्या नोंदी ठेविल्या होत्या. इंग्लंडांतील बोर्नमथ विद्यापीठाचे व भारतांतील संशोधक एकत्र बसून त्या वाचूं लागले, तेव्हां उघड झालें कीं एकूण महाशीर वाढत असतां उंच पाठीचा मूळ रहिवासी मात्र घटत चालला होता. धरणें, वाळूउपसा, सुरुंगानें मासेमारी हीं कारणें होतींच. त्यांत हा पाहुणा भर घालीत होता. आणि निनांवी जातीला जागतिक संकटग्रस्त सूचींत स्थान मिळेना. २०१८ सालीं या मंडळींनीं सिद्ध केलें कीं केरळांत कावेरीच्या पांबार या उपनदींतून आधींच वर्णिलेला ‘रेमादेवी’ महाशीर तो हाच. त्याच वर्षीं तो ‘अत्यंत संकटग्रस्त’ म्हणून नोंदला गेला. इकडे वर्गीकरणाचा वाद म्हणजे रिकामटेकड्या पंडितांची चैन, असें म्हणणारे आमचे मित्र पुष्कळ आहेत.

धाराशिव जिल्ह्यांतील धरणांत व तळ्यांत आज जें बीज सोडतात तें प्रामुख्यानें कटला, रोहू आणि मृगळ यांचें. हे मूळचे गंगेच्या खोऱ्यांत नांदणारे. १९५७ सालीं हिरालाल चौधरी व अलीकुन्ही यांनीं संप्रेरकाची सुई टोंचून यांचें प्रजनन साधिलें, त्यामुळें बीज मुबलक झालें आणि दुष्काळी मुलखांतील अनेक कुटुंबांना पोटापाण्याचें साधन मिळालें. तें मिळूं नये असें कोण म्हणेल? मात्र सीनेंत, बोरींत, तेरणेंत मूळचे कोण होते, त्यांस तेथला भोई कोणत्या नांवानें हांक मारी, हें विचारण्यास सायक्सनंतर जवळजवळ दोनशें वर्षांनींही उशीर झाला नसावा. निदान नळदुर्गास पावसाळ्यांत बोरीचें पाणी ‘नर’ आणि ‘मादी’ या दोन धबधब्यांनीं बंधाऱ्यावरून उडी घेतें तेव्हां, त्या फेंसांत खालीं काय पोहतें, हें तेथल्या जुन्या मासेमारास आधीं विचारावें.