आजीचं पूर्ण नाव

बँकेत माणसाला नाव लागतं, घरात आजीला लागत नाही. कुठलीही भाषा घ्या, नातवंडं आजीला सहसा नावाने हाक मारीत नाहीत. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. शब्दशास्त्राशी माझा संबंध इतकाच, की मुद्दल कुठून आलं हे विचारायची खोड आहे. त्या खोडीने पाहिलं तर आपली ‘आजी’ मोठ्या घराण्यातली निघते. संस्कृतात ‘आर्या’ म्हणजे मानाची बाई, पालीत आजीला ‘अय्यिका’, आणि तिथून घरंगळत मराठीत ‘आजी’. म्हणजे त्या हाकेतच ‘बाईसाहेब’ दडलेल्या आहेत. आपण मात्र खुशाल म्हणतो, “आज्जे, चिवड्याचा डबा कुठंय?”

स्पॅनिश लोकांचा हिशेब निराळा. लॅटिनमध्ये आजी म्हणजे ‘आविया’. तिला लाडाने लहान करून ‘आविओला’ केलं, त्याचं झालं ‘आबुएला’. वापरून वापरून त्यातला लाड झिजला, तेव्हा पुन्हा लाड लावून ‘आबुएलिता’. आम्ही बँकवाले याला चक्रवाढ म्हणतो. आजी वयाने वाढत जाते आणि शब्द तिला लहान करीत जातो! स्पेनमधली कितीतरी पोरं तर नुसतं ‘याया’ म्हणतात. ग्रीक आजीही ‘याया’च. आई-बापांची ‘मामा’, ‘पापा’ ही नावं तान्ह्या मुलांच्या बडबडीतून कशी येतात, हे रोमन याकोबसन नावाच्या पंडिताने १९६० साली सविस्तर सांगितलं. ते सांगायला पंडित लागला. कुठलीही आजी तुम्हाला ते फुकट सांगेल.

आमचं सेलू १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. त्या राज्यात उर्दू, तेलुगू, कानडी आणि मराठी अशा चार भाषा एका छपराखाली नांदत होत्या. उर्दूत बापाची आई दादी, आईची आई नानी. तेलुगूत नायनम्मा आणि अम्मम्मा. कानडीत अज्जी. आपण मराठी माणसं काटकसरी. दोन्हीकडच्या म्हाताऱ्या एकाच खात्यात, ‘आजी’. मग घोळ होऊ नये म्हणून शाखेचं नाव जोडायचं: मानवतची आजी, जिंतूरची आजी.

एकत्र कुटुंबात तर आणखी गंमत. थोरल्या सुनेला धाकटे दीर ‘वहिनी’ म्हणायचे. ते ऐकून तिची स्वतःची पोरं ‘वहिनी’ म्हणू लागली आणि त्यांची पोरंही. पन्नास वर्षांपूर्वी त्या घरात किती दीर होते, याची नोंद आज फक्त त्या हाकेत शिल्लक आहे.

या सगळ्यात तिचं नाव कुठं गेलं? निराधार योजनेचे पैसे न्यायला म्हातारीसोबत नातू येतो. फॉर्म भरताना ‘खातेदाराचे नाव’ या रकान्यापाशी त्याचं पेन थांबतं. “सायेब, आमी तं मायच म्हन्तो.” बाप माय म्हणतो, म्हणून तोही माय. शेवटी पासबुक उघडून आपण वाचायचं आणि त्याने उतरवून घ्यायचं.

बरं, पासबुकातलं नाव तरी तिचं कुठं? ते सासरचं. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना, आणि डॉक्टर आनंदीबाई जोशीही माहेरच्या यमुनाच. त्या दोघी इतिहासात गेल्या म्हणून आपल्याला हे कळलं. बाकीच्या यमुना लग्नातल्या तांदळांत बुडाल्या त्या बुडाल्याच. २०१७ साली ‘कोको’ नावाचा सिनेमा आला. त्यातल्या मेक्सिकन पणजीला सगळं घर ‘मामा कोको’ म्हणतं. तिचं खरं नाव सोकोरो. म्हणजे तिकडेही लाडाने नाव झाकलं जातंच. पण निदान लाडाच्या नावात खऱ्या नावाचा एक तुकडा तरी उरतो. आमच्या ‘माय’मध्ये यमुनाचा मागमूसही उरत नाही.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, वडिलांच्या आधी आईचं नाव लिहायचं आपल्या सरकारने ठरवलं. उत्तम झालं. पण आजीला त्या रकान्यात जागा मिळेल असं दिसत नाही. नाव आताच रेघेबाहेर चाललंय. तेव्हा ही नोंद घरच्या वहीत आपणच करायची. आज संध्याकाळी विचारून बघा, “आजी, तुझं माहेरचं नाव काय गं?”

आधी ती म्हणेल, “मेल्या, आता कशाला पाहिजे ते?” मग जरा थांबेल, पदर सारखा करील आणि सांगेल. त्या वेळी तिचा चेहरा नीट पाहा. साठ वर्षं कुणी न विचारलेली ठेव व्याजासकट हातात पडल्यावर माणूस कसा दिसतो, ते कळेल.